शिट्टी ऐकणारं यंत्र

मी पुन्हा शिट्टी फुंकली. पत्र्याचं ते कासवाएवढं यंत्र थांबलं नाही. ते घरंगळत गेलं आणि लंडनहून तपासणीला आलेल्या साहेबांच्या बुटांवर आदळत राहिलं.

"शिट्टी वाजली की मागे सरकायचं, एवढंच शिकवलंत ना याला?" साहेबांनी हसत विचारलं.

एवढंच! त्यासाठी माझा सहकारी हार्वे आणि मी ब्रिस्टलच्या या गारठलेल्या शेडमध्ये सबंध हिवाळा काढला होता. युद्धातून उरलेल्या भंगारातून मोटार मिळवली, लष्करी टेलिफोनचा माइक काढून त्याचा कान केला. रोज शिट्टी वाजवायची आणि मागोमाग लाथ घालायची, म्हणजे पुढे नुसत्या शिट्टीनेच ते मागे हटेल. हटायचं नाव नाही. मग वैतागून मी आधी शिवी घालायचो आणि मग लाथ.

"यंत्रं शिकत नसतात, मिस्टर खारकर," साहेब हॅट उचलत म्हणाले. "हा प्रयोग बंद करा आणि एखादं कुत्रं पाळा."

माझं डोकंच सणकलं. "अरे गाढवा!" मी मराठीत ओरडलो. कुणाला, ते मलाही ठाऊक नव्हतं.

यंत्र गचकन थांबलं आणि भराभर मागे सरकलं.

हार्वे माझ्याकडे बघतच राहिला. टेलिफोनच्या त्या माइकला माणसाचा आवाज तेवढा कळत होता. शिट्टीचा तीक्ष्ण सूर त्याने कधी ऐकलाच नव्हता. हिवाळाभर ते यंत्र माझी शिवी शिकत होतं.

मी हर्षाने साहेबांकडे वळलो. तेही दोन पावलं मागे सरकले होते, आणि त्यांना तर मी कधी लाथही घातली नव्हती.