पाव्हण्याला पाणी

"असा नाय रं. जाड फांद्या खाली, पाला वर. किती येळा सांगायचा?"

सुका झोपडीच्या सावलीत विडी ओढत होता आणि नवशा अंगणाखालच्या तुकड्यात राबासाठी, म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला, फांद्या पसरत होता. हेच काम त्याने गेल्या वर्षी केलं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही.

लग्नाला पैसा नसला की मुलाने मुलीच्या घरी काही वर्षं राबायचं, मग मुलगी त्याची, ही पाड्याची रीत. नवशा ठमीसाठी राबत होता. त्याला आईबाप नव्हते. झोपायला गोठा होता. कामाचं त्याला काही वाटत नसे, पण ठमीच्या बापाच्या, सुकाच्या उपदेशाने कान किटले होते. तरण्या गड्याने किती खावं, कसं बसावं, कुणापुढे हसावं! लग्नाचं काढलं की सुकाचं एकच पालुपद, "तुमा पोरांना धीरच नाय."

दिवाळीनंतर ठमी तारापूरला वीजघराच्या बांधकामावर घमेली वाहायला गेली. तेव्हापासून घरात नवशाशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. सांगणारा तेवढा होता.

"ठमीबाय आली!" ठमीची धाकटी बहीण जिवली ओरडत पळाली.

ठमीच्या पायात चपला होत्या. मागून पत्र्याची पेटी खांद्यावर घेतलेला एक तरुण येत होता. ठमीने नवशाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. नवशाने काय ते ओळखलं आणि हातातली फांदी खाली टाकली.

सुकाही उमजला. विडी टाकून तो नवशाजवळ आला.

"हे बग पोरा, गडी माणसानं मन मोठा ठेवावा. मी दुनया पायलीय. एवढी पेरणी जाऊ दे, मंग बघू तुजा कायतरी. जा, पाव्हण्याला पाणी दे."

नवशाने तांब्या भरला. पुढे करताना थोडं पाणी सांडलं.

"दोनी हातांनी धरावा," सुका लगेच म्हणाला.

पाहुणा भला दिसत होता. पाणी पिऊन त्याने अदबीने विचारलं, "हे कोण?"

ठमी बोलेना. ऊठसूट दोन शब्द सुनावणारा सुका छपराकडे बघत राहिला. नवशा रिकामा तांब्या धरून तिथेच उभा होता. या घरात आपण कोण, हे एकदा कुणाच्या तरी तोंडून त्याला ऐकायचंच होतं.

एवढी साधी गोष्ट कुणी सांगत का नाही, याचं जिवलीला नवल वाटलं.

"हा आमच्याकडं कामाला हाय," ती म्हणाली.