पॉइंट शून्य दोन

"न्हाय बदलणार," तेजश्री म्हणाली आन् तिनं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

विजयसिंह तिच्या खुर्चीमागं उभा होता. जळोचीच्या कडंला त्याचं वर्कशॉप. पत्र्याच्या शेडात लेथ मशीनं आन् कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत हा एक कॉम्प्युटर. ड्रॉइंगं काढायची ती तेजश्रीनं.

पडद्यावर एका पिनीचं ड्रॉइंग होतं. जाडी पंचवीस मिलिमीटर. तिच्या म्होरं बारका आकडा, पॉइंट शून्य दोन. म्हंजी जाडी तेवढीच इकडंतिकडं झाली तर चालंल. त्याच्या भाईर गेली की माल भंगारात. ड्रॉइंग तिनंच काढल्यालं. कोऱ्या पानावर कोण काढत बसतंय? बेअरिंगच्या शाफ्टचं, काटेकोर मापाचं जुनं ड्रॉइंग उघडलं, लांबी-जाडी बदलली, नाव बदललं, झालं. सगळीकडं तसंच चालतं.

"अगं, एक शून्य तर खोडायचं हाय," विजयसिंह म्हणाला. "पॉइंट दोन कर. सगळा माल पास होतुय. कुणाचं काय जातंय?"

"ज्याच्या ट्रालीला ही पिन बसंल, त्याचा जीव जातुय."

पिन कशाची, ते ड्रॉइंगवर नव्हतं, नुस्ता नंबर होता. पण गिऱ्हाईक इंदापूरचं, ट्राल्या बनवणारं. म्हंजी ट्रॅक्टरला ट्राली जोडायची पिन असणार, असं समद्यांनीच धरलं होतं. उसानं गच्च भरल्याली ट्राली, माळेगावचा रस्ता आन् सैल पिन. तेजश्रीला ते डोळ्याम्होरं दिसत होतं.

"बरं, गिऱ्हाइकानं धाडल्यालं मूळ ड्रॉइंग तरी एकदा उघडून बघ."

तेजश्री गर्रकन वळली. "का? माझ्यावर भरवसा न्हाय? दादा, माझ्या आधी हितं जे बसायचे, त्यांना कधी म्हणालात का, पुन्हा बघा म्हणून? पोरगी हाय म्हणून मलाच दरखेपी तपासायचं?"

खरंच, विजयसिंह त्यांना कधी म्हणाला नव्हता.

मग त्यानं आवाज खाली आणला. "आन् तात्यांचं काय करू?"

ह्या पिना लेथवर काढल्या होत्या ज्ञानदेव तात्यांनी. सगळ्या मापापेक्षा केसभर बारीक उतरल्या होत्या. मागंबी तात्यांचा माल परत आला होता, आन् पुन्हा आला तर मशीन सोडावं लागंल, असं विजयसिंहानं चारचौघांत बोलून ठेवलं होतं. तेजश्री हितं नवी आली, तवा जाडी मोजायचा मायक्रोमीटर कसा धरायचा ते तात्यांनीच शिकवलं. बाकीचे 'कॉम्प्युटरवाली' म्हणून खिजवायचे. तात्या आपल्या डब्यातली भाकरी मोडून तिच्याम्होरं ठेवायचे.

"तात्यांना काढू नका, तुमच्या पाया पडते," ती म्हणाली. "पण आकडा मी बदलणार न्हाय. मला काढायचं असंल तर काढा."

भाईर लेथ थांबली. तात्या दारात येऊन उभं राहिलं, चिंधीनं हात पुशीत.

"पोरी, त्या आकड्याला हात लावू नगंस."

"तात्या, तुमी मधी पडू नका," विजयसिंह म्हणाला. "तुमच्यासाठीच चाललंय समदं."

"माझ्यासाठी?" तात्या हसलं. "मशीनला झोल आला आन् मला कळला न्हाय. माप चुकलं ते माझं. आता ड्रॉइंग खोटं करून मला ठिवणार व्हय? तसल्या मशीनवर ह्यो ज्ञानदेव उभा ऱ्हात न्हाय."

"लई ताठा हाय तुमाला."

"मग? त्याच्यावरच तर उभा हाय. गुडघं कवाच गेल्यात."

शेडात कुणीतरी हसलं.

नापास माल तसाच ठेवला की कुणीतरी पुढच्या मालात गुपचूप सरकावतं. म्हणून ज्यानं बनवला त्यानंच तो कापायचा, अशी त्या शेडातली रीत. तात्यांनी कुणाला हात लावू दिला न्हाय. कटर घेऊन अंगणात बसलं आन् एकेक पिन मधोमध कापली. ठिणग्या उडत होत्या. विजयसिंह पाठ करून फोनवर बोलत ऱ्हायला. तेजश्री मात्र शेवटची पिन कापंस्तवर तितंच उभी होती, मान वर करून.

"चाललो," तात्या गाडीला किक मारत म्हणालं. "वडगावात म्हशी हायत. त्यांचं दूध मायक्रोमीटरनं मोजावं लागत न्हाय."

"तात्या..."

"रडती कशाला? आज तू मला खाली बघाया लावलं न्हाईस. अशीच ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदापूरची पिकअप दारात आली. ट्राल्यांचा कारखाना चालवणारी राजनंदिनी सोताच खाली उतरली. "चला, माल भरा. साखर कारखानं सुरू झालं. आमच्या ट्राल्या अडून बसल्यात."

विजयसिंह डोकं खाजवाया लागला. तेजश्रीच म्होरं झाली.

"ताई, माल कापून टाकलाय. माप बारीक उतरलं होतं. दादा पास करा म्हणत होते, मीच होऊ दिला न्हाय. पुन्हा बनवून देतो, पण देऊ त्यो चोख देऊ."

राजनंदिनीनं ढिगातला एक तुकडा उचलला. पिशवीतनं व्हर्नियर काढून मोजला. दुसरा मोजला. तिसराबी मोजला. मग तिनं आधी ढिगाकडं बघितलं आन् मग तेजश्रीकडं.

"अगं बाई, ही ट्रालीच्या मागच्या फाळक्याची खिट्टी हाय. चिखलानं भरली तरी हातानं उपसाया पायजे, म्हणून आमच्या ड्रॉइंगवर मोप सैल ठेवलीया, पॉइंट दोन. ह्या तर समद्या मापात बसत होत्या. पॉइंट शून्य दोन तुमाला सांगितलं कुणी?"