ढालीचे तीन फेरे

लांडो आलाच नाही.

मैदानाच्या मधोमध ढाल ठेवली होती. तिच्यावर पाच वर्षांचा अन्सेरिक मांडी घालून बसला होता. जन्मापासून कातर न लागलेले त्याचे केस पार कमरेपर्यंत आलेले. बाप परवा शिकारीत रानडुकराच्या सुळ्यानं गेला. आज पोराला ढालीवर उचलून तीन फेरे झाले, की तो फ्रँकांचा राजा. उचलायला चार जण लागत. होते तीन: म्हातारा इंगोबर्ट, वार्नो आणि वार्नोचा भाऊ.

"लांडोचं पोट बिघडलं असेल," वार्नो म्हणाला.

"नियत बिघडलीय." इंगोबर्टनं नदीकडं बोट केलं.

म्यूज नदीच्या पलीकडं धुळीचा लोट उठला होता. पोराचा चुलता राडोमर येत होता. सोबत दोनशे घोडेस्वार, आणि म्हणे एक कातर. केस उतरवलेल्या पोराला कुणी राजा म्हणत नाही.

"चौथा कोण?" इंगोबर्ट गर्दीवर ओरडला. हजारभर भालाईत एकमेकांची तोंडं पाहू लागले. धूळ त्यांनाही दिसत होती.

"मी," पोराची आई, राणी आमाल्त्रुद म्हणाली.

राणीनं अंगावरचा झगा काढून फेकला, बाह्या वर सारल्या आणि ढालीच्या चौथ्या बाजूला येऊन उभी राहिली.

"राणीसाहेब, बाईमाणसानं ढाल..." इंगोबर्ट अडखळला.

"नऊ महिने एकटीनं उचललाय मी याला. आता तर तुम्ही तिघं आहात. उचला!"

वार्नोला हसू फुटलं. ढाल उठली आणि लगेच राणीच्या बाजूला कलली. पोर किंचाळलं. तिचा खांदा फार खाली होता. इंगोबर्टनं दात आवळून गुडघे वाकवले. त्याचं बघून बाकीचे दोघंही वाकले. ढाल सपाट झाली. तीन धिप्पाड गडी बाईच्या उंचीचे होऊन चालू लागले.

पहिला फेरा झाला. गर्दी गप्पच होती.

दुसऱ्या फेऱ्यात मागं गर्दीत कुणीतरी भाला स्वतःच्या ढालीवर आपटला. मग दुसऱ्यानं, मग दहांनी. बघता बघता सगळं मैदान दणाणू लागलं. इंगोबर्टच्या मांड्या पेटल्या होत्या, आणि तरी त्याला पळावंसं वाटत होतं, विशीतल्यासारखं.

तिसरा फेरा अर्ध्यावर आला, तेव्हा घोडे मैदानात घुसले.

"ढाल खाली ठेवा!" राडोमर गरजला.

"ठेवतो की. अजून अर्धा फेरा आहे," इंगोबर्ट म्हणाला, आणि थांबला नाही.

मघाशी तोंड चुकवणारे भालाईत आता खांद्याला खांदा लावून घोड्यांच्या आडवे झाले. राडोमर रिकिबीत उभा राहिला. "लाज वाटते का रे? बाईच्या खांद्यावरचा राजा!"

"तुम्ही कुणाच्या खांद्यावर वाढलात, सरकार?" वार्नोनं तिथूनच विचारलं.

मैदान खदखदून हसलं. राडोमरचे स्वारही हसले, आणि तेच त्याला लागलं. हात तलवारीवर गेला. समोर भाल्यांचं रान उभं होतं. तेवढ्यात तिसरा फेरा पुरा झाला आणि असा जयघोष उठला, की घोडी मागं सरली. राडोमरचे स्वार एकेक करून खाली उतरले. शेवटी तोही उतरला. त्यानं शिरस्त्राण काढून काखेत धरलं.

इंगोबर्टनं शेजारी पाहिलं. ढालीच्या काठानं राणीचा खांदा सोलला होता. तिला श्वास पुरत नव्हता, पण डोळे लखलखत होते.

गलका ओसरला, तसा वरून बारीक आवाज आला. "आई, मला खाली घे ना."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"आता नाही, राजा," ती म्हणाली.

पोरानं वाकून तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग मनगटानं नाक पुसलं आणि ताठ बसलं.