सोवळी नळी

"पुन्हा सोवळ्याला विटाळ!" नरसिंह सरांनी कागद टेबलावर आपटला. "हात धुऊन कामाला लागतेस का नाही, ज्योत्स्ना?"

ज्योत्स्नाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एम.एस्सी.ला पहिली आलेली बाई ती, आणि हा माणूस तिला हात धुवायला शिकवायला निघाला होता.

हुमनाबादच्या त्या प्रयोगशाळेत सरांच्या हाताखाली हत्तीरोगाचे जंत शोधायचं काम चालायचं. निर्णा, मुडबी, आजूबाजूच्या गावांतून रक्ताचे थेंब यायचे. थेंबात जंताच्या डीएनएचा कणभर तुकडा जरी असला, तरी मशीन त्याच्या लाखो नकला काढून पडद्यावर रेघ चढवायचं. दर खेपेला ताळ्यासाठी दोन नळ्या जास्तीच्या लावायच्या. एक निव्वळ पाण्याची, दुसरी निरोगी माणसाच्या रक्ताची. त्या कोऱ्याच राहायला पाहिजेत. एकीत जरी रेघ चढली, तर कुणीतरी कामात घाण केली असं धरून सगळे निकाल रद्द!

निरोगी रक्ताच्या नळीला 'सोवळी' हे नाव सरांनीच पाडलं होतं. त्या दिवशी सगळे खो-खो हसले. बाबासाहेबांचा फोटो घरात लावून वाढलेली ज्योत्स्ना तेवढी हसली नव्हती.

"सर, पाण्याची नळी कोरी हाय, बघा की," ती म्हणाली. "माझे हात घाण असते तर तिच्यातबी रेघ चढली असती. दोष त्या रक्तातच हाय."

"रक्तात?" सर तुच्छतेने हसले. "खात्रीच्या घरचं रक्त आहे ते. तुमच्या वस्तीतलं नाही."

"वस्ती कामून काढायलाव, सर?"

"मग काय करू? आमच्या गल्लीत कुणाचा पाय सुजलेला बघितलास कधी?"

"पाय सुजायच्या आधी जंत वर्षानुवर्षं अंगात गपगार बसतेत. माणसाला पत्ता लागत न्हाई. हे तुम्हीच शिकवलं आम्हाला."

"मला शिकवू नको!" सर कडाडले. "कलबुर्गीच्या मुख्य कचेरीला कळवलंय मी. साहेब येतील, तुला काढतील. मग बस निर्ण्याला शेण थापत."

हे मात्र वर्मी लागलं. निर्ण्याला तिची आई, सरुबाई, खांबासारखा सुजलेला पाय ओढत जन्म काढायली होती. त्या पायापायीच ज्योत्स्ना हे शास्त्र शिकली. घाणेरडं काम करते असा शेरा एकदा बसला, की या भागातली कुठली प्रयोगशाळा तिला दारात उभं करणार होती?

"माफी मागून मोकळी हो, अक्का," शेजारच्या टेबलावरची हर्षिता कुजबुजली. "नोकरी तरी राहील."

"केलं न्हाई त्याची माफी? मेले तरी न्हाई!"

ती तशीच सरांच्या खोलीत शिरली. "ते सोवळं रक्त हैदराबादच्या मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवा. ते निरोगी निघालं तर मीच राजीनामा देते."

सरांना तेच पाहिजे होतं. पोरगी आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घ्यायली, असं त्यांना वाटलं. त्यांनी कपाट उघडून नळी स्वतः भरली, स्वतः लाखेचं सील केलं, वर सही ठोकली. "तुझा हात लागायला नको," म्हणाले. नाकाने कांदे सोलावेत तर या माणसाने!

पुढच्या आठवड्यात कलबुर्गीचे सिद्धलिंगप्पा साहेब आले. हैदराबादचा निकाल त्यांच्याच हातात होता. सर पायघड्या घालायच्या बेतात होते. ज्योत्स्ना भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"नरसिंहराव, या रक्तात जंत आहेत," साहेब म्हणाले. "त्यांनी दोनदा तपासलंय."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. "हिनं नळी बदलली असणार! मला ठाऊक होतं!"

"नळी भरली कुणी?"

"मी."

"सील?"

"मीच केलं."

"सील शाबूत पोचलंय. आणि कपाटाची किल्ली?"

"माझ्या जानव्याला असते," सर गुरकावले. "तिला कुणाचा हात लागत नाही."

"मग हिनं बदलली कधी?" साहेबांनी ज्योत्स्नाकडे वळून मान हलवली. "कामावर जा, बाई. तुमची काही चूक नाही."

ज्योत्स्नाने भिंत सोडली. इतके दिवस दाबून धरलेला संताप डोळ्यांतून वाहायला लागला, आणि तिने तो पुसलाही नाही. "माझे हात धुतलेलेच होते, सर," ती म्हणाली.

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीसमोर, साहेबासमोर पाणउतारा!

"हैदराबादवाले गाढव आहेत!" ते टेबलावर मूठ आपटत ओरडले. "मशीन खोटं, कागद खोटा! त्या रक्तात जंत असूच शकत नाहीत!"

"एवढी खात्री कशावरून देता?" साहेबांनी विचारलं.

"कशावरून?" सरांचा आवाज चिरकला. "अहो, दर महिन्याला माझ्या दंडातून काढतो ते!"