कट्ट्यावरची ओली ताटं

"पट अकराचा. हे हायस्कूल आता बंदच करावं लागणार," तपासणीला आलेले साहेब म्हणाले, तसं खिचडी शिजवणाऱ्या पद्माबाईंचं टाळकं सरकलं.

निम्मी हिंगोली इथं शिकली, अन् यांना अकराच दिसून राहिले!

"कागद काहून बघता? नळावर चला."

जेवण झालं की आपलं ताट आपण धुवायचं अन् कट्ट्यावर पालथं घालायचं, ही शाळेची जुनी रीत. अकराही पोरं केव्हाच वर्गात गेली होती. साहेब पालथी, ओली ताटं मोजत गेले. अकरा झाली. तीस झाली. साठ झाली, तेवढ्यात शेवटाला आणखी एक ताट ठेवल्याचा आवाज आला.

नळापाशी कुणी नव्हतं. पाणी मात्र सुरू होतं. नळ बंद करायला साहेबांनी हात पुढं केला.

"हात काढा!" पद्माबाई कडाडल्या. "लेकरं अजून धुऊन राहिलीत."