डावीकडची घंटा

अँडीजमधली ही अनेक मुक्कामांची पायवाट पाहुणे देखाव्यासाठी चालतात आणि आम्ही त्यांच्या तंबूंसाठी. त्या दिवशी पाहुणे पुढे निघून गेले होते. मागे घोडीला धरून मी, सामानाची खेचरं आणि सगळ्यांत शेवटी माझा मेहुणा फिदेन्सियो.

धुक्यात आमची रीत एकच. पुढच्या घोडीच्या गळ्यात घंटा असते. तिच्या आवाजामागे खेचरं चालतात आणि खेचरांमागे माणूस. यात अक्कल कुणाची, हे आम्ही विचारत नाही.

खिंडीखाली धुकं दाटलं. उजवीकडे कडा, डावीकडे दरी.

“दाजी, झोपलात की काय?” फिदेन्सियो मागून ओरडला.

“तुझ्या बहिणीनं झोपू दिलंय कधी?”

तेवढ्यात घोडी थांबली. घंटा मात्र वाजत राहिली, डावीकडे.

मी घोडीच्या गळ्यातली घंटा मुठीत धरली. ती गार आणि गप्प होती. खेचरांनी कान दरीकडे वळवले.

“डावीकडे वळलात होय? सांगायचं तरी!”

“वळलो नाही! जागचा हलू नकोस!”

“चेष्टा पुरे, दाजी. घंटा ऐकतोय की मी.”

त्याच्या खेचराच्या टापा डावीकडे गेल्या. पडल्याचा आवाज आला नाही.

“फिदेन्सियो, मागे फिर!”

“अहो, इथे तर सपाट वाट आहे! इतकी वर्षं आम्हाला दगडांतून का हिंडवलंत?” त्याचा आवाज आता माझ्या बरोबरीनं, दरीच्या पोकळीतून येत होता.

मी पुन्हा जिवाच्या आकांतानं हाक मारली. तो थबकला असावा. मग दबक्या आवाजात म्हणाला, “दाजी, तुम्ही तर माझ्यापुढे चालताय. मग तिकडून तुमच्या आवाजात ओरडतंय कोण?”