मागच्या खोलीतला कॉम्प्युटर

शहाऐंशी सालच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी आणि शामलानं नंदनवनातल्या आमच्या शाळेचे दोन्ही नवेकोरे कॉम्प्युटर एका तारेनं जोडले. काय गर्दी झाली म्हणून सांगू! पाहुण्यांनी हॉलमधल्या कॉम्प्युटरवर जन्मतारीख टाकायची. ती तारेतून, खिडकीवाटे मागच्या खोलीत जायची, तिथल्या कॉम्प्युटरवर माझा प्रोग्राम हिशेब करायचा आणि जन्मवार हॉलमधल्या पडद्यावर झळकायचा.

मागचा कॉम्प्युटर मधूनच अडकायचा, मग बटण दाबून पुन्हा सुरू करावा लागायचा.

"तू मागं बस वं, तुलेच जमते," शामला म्हणाली. "मुख्य पाहुणे आले की तुले हाक मारीन."

पाहुणे आले. खिडकीतून त्यांचा आवाज ऐकून मी रिबन नीट करून उभीच राहिले.

"वा! मागच्या खोलीत कोण आहे?"

"कोणीच नाही, सर. सगळं मी एकटीनंच केलं."

पाहुण्यांनी जन्मतारीख टाकली आणि कॉम्प्युटर नेमका अडकला. शामला खिडकीशी धावली. "दाब नं वं बटण लवकर!"



पण मागच्या खोलीत तर कोणीच नव्हतं.